आज्ञा-ओळीचा अधिकार : संगणकातील उत्सर्ग आणि अपवाद



आपल्या मोठ्या बाईंच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या वाङ्मयीन परंपरेवर मी काही बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असणार. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. जन्मभर मराठी शिकवलेली, पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई संगणकाच्या कमांड लाइनवर बोलणार, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. त्यात गैर काही नाही. पण ज्या कारणाने मी हा विषय निवडला ते कारण हसण्यासारखे नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे या शहरातील मराठीचे काही शब्द कायमचे गेले. ती चूक भाषेची नव्हती. यंत्राला दिलेल्या एका ओळीची होती. ती ओळ काय करते हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुढे ते शिकून घेतल्यावर मला असे आढळले की, आपल्या वैयाकरणांनी ज्या प्रश्नाचा दीर्घकाळ ऊहापोह केला, तोच प्रश्न तिथे वेगळा वेश घालून उभा आहे.

प्रश्न असा : एकाच गोष्टीविषयी दोन ठिकाणी दोन वेगळ्या आज्ञा असल्या, तर पाळायची कोणती?

मोठ्या बाईंच्या कारकिर्दीत शिकलेल्यांना याचे उत्तर अनुभवाने माहीत आहे. शाळेचे छापील वेळापत्रक जूनमध्ये लागत असे. त्यावर वर्गशिक्षिकांच्या वहीतले फेरफार असत. त्यावर फळ्याशेजारच्या पाटीवर लावलेली सूचना असे. आणि या सगळ्यांवर, प्रार्थना संपता संपता बाईंनी स्वतः सांगितलेले असे : “आज सहावीचा तिसरा तास मैदानावर.” वेळापत्रकात त्या तासाला गणित होते म्हणून कोणी वर्गात बसून राहत नसे. मात्र दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला गणितच असे. कालचे वाक्य कालच्या दिवसापुरते होते. आज्ञा-ओळीचे सारे तत्त्व एवढ्यात आले. आता ते यंत्रात कसे उतरते ते पाहू.

आधी शब्दांविषयी. १९३१ साली बडोदे सरकारने राज्यव्यवहाराच्या परिभाषेचा ‘श्री सयाजीशासन शब्दकल्पतरु’ हा बहुभाषी कोश काढला. त्या नगरीत राहून परकी संज्ञांना देशी पर्याय शोधण्याचा मोह न होणे कठीण. तरीही मी फाईल, पोर्ट, पासवर्ड, सेटिंग हे शब्द जसेच्या तसे ठेवते, कारण ते आता आपल्या तोंडात रुळले आहेत. कमांड लाइनला मात्र मी ‘आज्ञा-ओळ’ म्हणेन. या नावात वस्तूचे वर्णनही येते : पडद्यावर टंकित केलेली एक ओळ, आणि ती आज्ञा असते.

वेब ॲप्लिकेशन म्हणजे एखाद्या यंत्रावर सतत चालू असलेला आणि इतरांनी आपापल्या यंत्रावरील ब्राउझरमधून वापरायचा कार्यक्रम. आपल्या शाळेचा शब्दसंग्रह हे त्याचे घरचे उदाहरण. तो कार्यक्रम संगणक-कक्षातील एका यंत्रावर चालतो. शब्द नोंदवणारी मंडळी मात्र कक्षातल्या कोणत्याही यंत्रावर बसतात. अशा कार्यक्रमाला सुरू होताना काही गोष्टी माहीत असाव्या लागतात. कोणत्या पोर्टवर, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या दारावर, आलेल्याचे ऐकायचे? माहिती कोणत्या साठ्यात ठेवायची? नोंदी किती तपशिलाने करायच्या? या गोष्टींना सेटिंग म्हणतात.

हा कार्यक्रम जावा भाषेत, स्प्रिंग बूट नावाच्या साधनाच्या आधाराने लिहिलेला आहे. स्प्रिंग बूटची पहिली पूर्ण आवृत्ती २०१४ साली निघाली आणि आज जगभर असंख्य कार्यक्रम तिच्यावर उभे आहेत. म्हणून तिचाच दाखला घेऊ. पोर्टविषयी कोणी काहीच सांगितले नाही, तर असा कार्यक्रम ८०८० क्रमांकाच्या दारावर बसतो. हा त्याचा मूळ स्वभाव. वेगळे काही हवे असल्यास ते सांगण्याच्या जागा अनेक आहेत, आणि त्यांची चढती श्रेणी ठरलेली आहे.

सर्वांत खाली हा मूळ स्वभाव. त्याच्या वर कार्यक्रमाच्या गठ्ठ्यातच बांधलेली सेटिंगची फाईल. गठ्ठा म्हणजे जार फाईल. तिच्या पोटात शेकडो लहान फायली मिटवून ठेवलेल्या असतात. त्याच्या वर, गठ्ठ्याच्या बाहेर शेजारी ठेवलेली त्याच नावाची फाईल. तिच्याही वर परिसर-चले. यंत्राच्या परिसरात काही नावे आणि त्यांच्या किमती मांडून ठेवलेल्या असतात आणि तेथे सुरू होणारा प्रत्येक कार्यक्रम त्या वाचू शकतो. ही सोय युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आली आहे. परिसर-चलांच्या वर जावाला स्वतःला सांगितलेले गुणधर्म. आणि सर्वांच्या वर आज्ञा-ओळ, म्हणजे कार्यक्रम सुरू करतानाच त्याच्या नावापुढे लिहिलेले शब्द. मधल्या काही पायऱ्या मी गाळल्या आहेत, पण नित्याच्या व्यवहाराला एवढ्या पुरतात.

ओळ दिसते अशी. यंत्रावर ती रोमन लिपीत लिहावी लागते. येथे देवनागरीत देते :

जावा -जार शब्दसंग्रह.जार --सर्व्हर.पोर्ट=९०९०

तिचा अर्थ असा : शब्दसंग्रह नावाचा गठ्ठा जावाने उघडून चालवावा, आणि फायलीत काहीही लिहिलेले असले तरी या खेपेस ९०९० क्रमांकाच्या दारावर बसावे. एखादे दार दुसऱ्या कार्यक्रमाने आधीच अडवलेले असेल तर त्याच दारावर आपला कार्यक्रम बसू शकत नाही. अशा वेळी गठ्ठा सोडून पुन्हा बांधण्याची गरज नसते. फायलीलाही हात लावावा लागत नाही. ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला की काम भागते.

या लेखनाला व्याकरण आहे आणि ते काटेकोर आहे. सेटिंगच्या नावाआधी दोन आडव्या रेघा हव्यात. नाव आणि किंमत यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह हवे. त्याच्या कोणत्याही बाजूला जागा सोडायची नाही. आणि हा सारा मजकूर गठ्ठ्याच्या नावानंतर यायला हवा. जावाच्या स्वतःच्या गुणधर्मांचा नियम नेमका उलटा. ते एका रेघेने आणि डी या अक्षराने सुरू होतात आणि गठ्ठ्याच्या उल्लेखापूर्वी लिहावे लागतात. जागा चुकली तर काय होते? काहीच होत नाही, आणि धोका तोच आहे. गठ्ठ्याच्या नावानंतर लिहिलेला डी-चा गुणधर्म जावापर्यंत पोहोचतच नाही. तो कार्यक्रमाच्या हाती एक निरर्थक शब्द म्हणून पडतो आणि कार्यक्रम मुकाट्याने आपल्या जुन्या दारावर बसतो. हाच प्रकार स्पेलिंगच्या चुकीचा. ‘पोर्ट’च्या जागी ‘प्रोट’ लिहिले तरी यंत्र तक्रार करत नाही. त्या नावाचे एक नवे सेटिंग ते नोंदवून घेते, आणि ते कोणीच कधी विचारत नाही. शुद्धलेखनाला आता किंमत उरली नाही, असे म्हणणाऱ्या तरुण मित्रांनी याची नोंद घ्यावी.

परिसर-चलांत नाव लिहिण्याची रीत आणखी निराळी. तिथे टिंब चालत नाही. त्याच्या जागी अधोरेषा येते आणि सारी अक्षरे मोठी लिहितात. एकाच सेटिंगची ही दोन रूपे यंत्र ओळखते आणि एकच मानते. विभक्तीचा प्रत्यय बदलला तरी प्रातिपदिक तेच, असा हा प्रकार.

आता मुख्य मुद्दा. आज्ञा-ओळ सर्वांत बलवान का? ती सर्वांत दुबळी ठरवून यंत्र चालवता आले नसते काय?

येथे मला पाणिनीच्या परंपरेकडे वळावे लागते. व्याकरणात सर्वसाधारण नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. दोहोंचा एकाच ठिकाणी संघर्ष झाला तर अपवाद जिंकतो. का जिंकतो, याचे वैयाकरणांनी दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. उत्सर्गाला इतरत्र भरपूर वाव असतो. एका ठिकाणी तो हटला तरी व्यर्थ होत नाही. अपवादाला मात्र तेवढीच जागा असते. तिथेही तो हरला तर त्याचे सांगणेच फुकट गेले. ज्याला दुसरीकडे अवकाश नाही त्याला निरवकाश म्हणतात, आणि निरवकाश तो बलवान.

आज्ञा-ओळीला हे तर्कशास्त्र जसेच्या तसे लागू पडते. फाईल कायमची आहे. एका दिवशी तिचे ऐकले नाही तरी उद्या तिचे राज्य आहेच. आज्ञा-ओळीचे आयुष्य मात्र एका खेपेचे. कार्यक्रम सुरू होताना ती वाचली जाते आणि कार्यक्रम थांबला की ती संपते. फायलीपुढे तिने हार मानायची असती तर ती लिहिण्यात काहीच अर्थ उरला नसता.

दुसरी गोष्ट पतंजलीच्या महाभाष्यातील प्रसिद्ध दृष्टान्ताची. आपण त्याला तक्रकौंडिण्यन्याय म्हणतो. ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक वाढा, असे यजमानाने सांगितले. कौंडिण्यही ब्राह्मणच. मग त्याला दही आणि ताक दोन्ही द्यायचे काय? पोटात दोन्हींना जागा आहे. अडचण काही नाही. तरीही लोकव्यवहारात त्याला ताकच मिळते. विशेष वचनाने सामान्य वचन त्याच्यापुरते बाजूला सरते. स्प्रिंग बूटमध्ये याचे अगदी नेमके उदाहरण आहे. एखाद्या सेटिंगची किंमत एकच नसून यादी असते. समजा, फायलीत नोंदणीच्या भाषांची यादी ‘मराठी, गुजराती’ अशी आहे आणि आज्ञा-ओळीत त्याच यादीसाठी ‘हिंदी’ एवढेच लिहिले. नवख्या माणसाला वाटते, आता तीन भाषा झाल्या. तसे होत नाही. जुनी यादी सबंध बाजूला होते आणि एकटी हिंदी उरते. तिन्ही हव्या असतील तर तिन्ही पुन्हा लिहाव्या लागतात. कौंडिण्याला ताक मिळाले; दही गेले.

मात्र हे साम्य कुठे संपते तेही सांगितले पाहिजे. नाहीतर ‘सारे काही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते’ या सवंग अभिमानाच्या खात्यात माझे व्याख्यान जमा होईल. पाणिनीचा अपवाद त्याचे क्षेत्र लहान आहे म्हणून बलवान असतो. आज्ञा-ओळ तिच्या जागेमुळे बलवान असते. ती श्रेणीत वरच्या पायरीवर बसवलेली आहे. या दृष्टीने तिचे नाते समबल नियमांच्या संघर्षात पुढचा नियम मानावा, या पाणिनीच्याच दुसऱ्या व्यवस्थेशी अधिक जवळचे आहे. पुढे टीकाकारांनी या दोन्ही आणि इतर तत्त्वांची एक श्रेणी लावली : आधीचा नियम, नंतरचा, नित्य, अंतरंग आणि अपवाद, यांत पुढचा पुढचा अधिक बलवान. काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट यांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात तिची चर्चा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात या ग्रंथाचे संपादन आणि इंग्रजी भाषांतर केले. स्प्रिंग बूटच्या मार्गदर्शिकेतील सेटिंगच्या उगमांची क्रमवार यादी मी प्रथम वाचली, तेव्हा मला त्या परिभाषेचीच आठवण झाली.

शिवाय अशा श्रेणी सर्वत्र एकच नसतात. मीमांसकांच्या प्रमाणश्रेणीत आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान. वैयाकरणांच्या श्रेणीत नंतरचे. संगणकातही तसेच. स्प्रिंग बूट परिसर-चलांना फायलीपेक्षा वरचे मानते. मायएस्क्यूएल हा माहितीसाठा सांभाळणारा प्रसिद्ध कार्यक्रम मात्र परिसर-चले आधी वाचतो, फायली नंतर वाचतो, आणि नंतरचे आधीच्यावर मात करते. मधल्या पायऱ्यांचा क्रम असा घराघरांत बदलतो. आज्ञा-ओळ मात्र दोन्हीकडे सामान्यतः शिखरावर आहे. नवे साधन हाती घेताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा तो त्याच्या श्रेणीचा.

एवढ्या पायऱ्या ठेवाव्यात तरी कशाला, असे आपण विचाराल. कारण असे की, एकच कार्यक्रम अनेक ठिकाणी चालवावा लागतो. तो रचणारा आपल्या घरी चालवतो, परीक्षा घेणारा दुसऱ्या यंत्रावर, आणि शेवटी तो आपल्या शाळेत येतो. ठिकाणागणिक गठ्ठा वेगळा बांधला तर परीक्षा घेतली तो कार्यक्रम एक आणि वापरात आला तो दुसरा, असे होईल. म्हणून गठ्ठा एकच ठेवायचा आणि ठिकाणाप्रमाणे बदलणारे ते बाहेरून सांगायचे. हे धोरण हेरोकू या कंपनीतील अभियंत्यांनी २०११ च्या सुमारास ‘बारा तत्त्वां’च्या रूपाने मांडले. त्यांचा कल परिसर-चलांकडे होता. आज्ञा-ओळीचे खरे क्षेत्र त्याहून लहान : आजच्यापुरते, या खेपेपुरते, करून पाहण्यापुरते.

‘या खेपेपुरते’ हे शब्द मी पुढील हकिकतीसाठी मुद्दाम अधोरेखित करते.

२०१८ च्या पावसाळ्यात आपल्या माजी विद्यार्थी मंडळाने बडोद्याच्या मराठीतील शब्द गोळा करण्याचे काम हाती घेतले. जामदारखाना, फरासखाना, पागा, मुदपाकखाना यांच्याभोवती जी भाषा एके काळी बोलली जाई, ती बोलणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. कार्यक्रम रचून दिला तो शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने. शनिवारच्या मराठी वर्गात तो पूर्वी माझ्याकडे येत असे. आता पुण्यात नोकरी करतो. त्याने दोन साठे करून दिले : एक मूळ आणि एक सरावाचा. सरावाचा साठा दर रविवारी रात्री आपोआप रिकामा होई, म्हणजे शिकाऊ मंडळींनी काहीही टंकित केले तरी कचरा साचू नये.

सुरुवातीचे चार दिवस सरावाचे होते. त्याने मला दूरध्वनीवरून सांगितले, “बाई, फाईलला हात लावू नका. सुरू करताना ओळीच्या शेवटी एवढं जोडा, म्हणजे कार्यक्रम सरावाच्या साठ्याकडे जाईल. सराव संपला की नेहमीसारखं सुरू करा.” साठ्याचा पत्ता सांगणारे ते सेटिंग लांबलचक होते. चार दिवस रोज टंकित करण्याचा मला कंटाळा आला. कक्षातल्या यंत्रावर लिनक्स आहे. तिथे कार्यक्रम सुरू करण्याची ओळ एका लहान आरंभ-फायलीत लिहून ठेवलेली असते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की झाले. मी तो शब्द त्या आरंभ-फायलीतच चिकटवून टाकला. चार दिवस झाले, सराव संपला, आणि तो काढायचा मी विसरले.

प्रार्थनेच्या वेळी बाईंनी सांगितलेले एका दिवसापुरते वाक्य मी जणू वेळापत्रकावर कोरून ठेवले होते.

त्यानंतरच्या शनिवारपासून एक काकू येऊ लागल्या. वय नव्वदीच्या घरात. त्यांचे सासरे राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होते. रिक्षातून नातीच्या हाताला धरून त्या येत, खुर्चीवर बसत, डोळे मिटून शब्द सांगत, आणि नात टंकित करी. भांड्यांची नावे, वाढपाच्या पद्धती, कोणत्या सणाला कोणता जिन्नस कोठून येई, हिशेबनीस काय म्हणे आणि आचारी त्याला काय उत्तर देई. तीन शनिवारांत त्यांनी सदुसष्ट शब्द दिले. नोंदी पडद्यावर दिसत होत्या, मोजता येत होत्या. कोणालाही शंका येण्याचे कारण नव्हते. आणि तिन्ही रविवारी रात्री साठा रिकामा होत होता.

चौथ्या शनिवारी काकू म्हणाल्या, “पहिल्या दिवशी मी एका पातेल्याचं नाव चुकीचं सांगितलं गं. ते दाखव, सुधारू या.” आम्ही शोधले. नाव नव्हते. पातेलेच काय, काहीच नव्हते.

मी सेटिंगची फाईल उघडली. तिच्यात मूळ साठ्याचा पत्ता अगदी बरोबर होता. ती मी तीनदा वाचली. दुसऱ्या एका शिक्षिकेकडून वाचून घेतली. फाईल बरोबर आणि साठा रिकामा. शेवटी पुण्याला दूरध्वनी केला. त्याने दोन क्षण विचार केला आणि तो म्हणाला, “बाई, फाईल वाचू नका. चालू असलेला कार्यक्रम कोणत्या ओळीने सुरू झाला आहे, ती ओळ वाचा.” ती पाहण्याची आज्ञा त्याने सांगितली. पडद्यावर ओळ उमटली आणि तिच्या शेपटाला माझा चिकटवलेला शब्द होता.

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आले की, ग्रंथात काय लिहिले आहे ते पाहा. त्या दिवशी मला उलट धडा मिळाला. फाईल कागदावरचा बेत सांगते. चालू कार्यक्रम कोणाचे ऐकतो आहे हे ती सांगू शकत नाही. श्रेणीत वर कोणी बसले असेल तर खालच्याचा मजकूर खरा असूनही निष्प्रभ असतो.

सरावाच्या साठ्याची कोणतीही प्रत ठेवली जात नव्हती. ठेवण्याचे कारणही नव्हते. मी काकूंपुढे जाऊन खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. “लिहून ठेवायचं होतंस गं,” एवढेच म्हणाल्या, आणि पुन्हा सांगायला बसल्या. सदुसष्टांपैकी एकेचाळीस शब्द परत आले. उरलेले सव्वीस त्यांनाही आठवले नाहीत. बोलता बोलता ओघात आलेले शब्द होते ते, मागून बोलावले तर येत नाहीत. पुढच्या वर्षी काकू गेल्या. त्या सव्वीस शब्दांची यादीसुद्धा मला आज देता येत नाही, कारण ते कोणते होते हेच आता कोणाला ठाऊक नाही.

या अनुभवातून जी पथ्ये आम्ही शिकलो ती थोडक्यात सांगते. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे याच व्यवसायात आहेत. त्यांना ती ठाऊक असतील. पण ठाऊक असणे आणि पाळणे यांत अंतर असते.

पहिले पथ्य : एका खेपेचे सेटिंग त्या खेपेलाच हाताने लिहावे. तेच रोज लिहावे लागत असेल तर ते एका खेपेचे नाही, असे समजून फायलीत किंवा परिसर-चलांत त्याला योग्य ती जागा द्यावी. आरंभ-फाईल ही या दोहोंच्या मधली फसवी जागा आहे. तिथे तात्पुरती आज्ञा कायमची होते आणि तरीही तिचा अधिकार शिखरावरचाच राहतो.

दुसरे : पासवर्ड आज्ञा-ओळीत कधीही लिहू नये. चालू कार्यक्रमांची आज्ञा-ओळ लिनक्सवर सामान्यतः त्या यंत्राच्या इतर वापरकर्त्यांनाही दिसू शकते, आणि टंकित केलेल्या आज्ञांचा इतिहास यंत्र जपून ठेवते. ज्या सोयीने मला माझी चूक सापडली, त्याच सोयीने दुसऱ्याला आपला पासवर्ड सापडेल. मायएस्क्यूएल तर ओळीत पासवर्ड दिल्यास इशाराही देते.

तिसरे : सुरू होताना कार्यक्रम जे बोलतो ते वाचावे. आपण कोणत्या दारावर बसलो हे तो आपल्या नोंदींत लिहितो. स्प्रिंग बूटमध्ये ॲक्च्युएटर नावाचा एक भाग जोडला, तर प्रत्येक सेटिंग कोणत्या पायरीवरून आले हेही विचारता येते. आमच्या कार्यक्रमात त्या विद्यार्थ्याने याहून साधी युक्ती केली. आता पानाच्या माथ्यावर ‘मूळ साठा’ किंवा ‘सरावाचा साठा’ असे ठळक अक्षरांत दिसते, आणि सरावाच्या वेळी पान पिवळे होते.

चौथे : मूळ फायलीत केलेला बदल चालू कार्यक्रमाला आपोआप कळतो असे गृहीत धरू नये. सेटिंग सुरुवातीला वाचली जातात. बदल केला की कार्यक्रम थांबवून पुन्हा सुरू करावा, आणि तो कोणत्या ओळीने सुरू केला ते पाहावे.

पाचवे पथ्य यंत्राचे नाही. ते मोठ्या बाईंचे आहे. त्यांच्या तोंडी आज्ञेला वेळापत्रकाहून जास्त मान होता हे मी आरंभी सांगितले. पण एक गोष्ट सांगायची राहिली. प्रार्थनेला काही सांगितले की पाच मिनिटांत शिपाईमामा सूचना-वही घेऊन वर्गावर्गांतून फिरत. तीत बाईंच्या अक्षरात ती सूचना असे, तारीख असे, ‘आजपुरते’ हा शब्द असे, आणि प्रत्येक शिक्षकाची सही घेतली जाई. विद्यार्थिदशेत आम्हाला हे सारे कंटाळवाणे वाटे. एवढ्याशा गोष्टीला सही कशाला, असे म्हणून आम्ही हसत असू. आज कळते ते असे : ज्याच्या शब्दाला सर्वांत जास्त अधिकार, त्याच्या शब्दाची नोंद सर्वांत काटेकोर असायला हवी, आणि तो शब्द केव्हा संपतो हेही त्या नोंदीत असायला हवे.

संगणक-कक्षातील त्या यंत्राशेजारी २०१८ पासून एक दोनशे पानी वही आहे. आज्ञा-ओळीत काहीही जोडून कार्यक्रम सुरू केला, की तारीख, जोडलेला शब्द, कारण आणि ‘केव्हापर्यंत’ असे चार रकाने भरून सही करायची. नव्या मुलांना हे जुनाट वाटते. वाटू द्यावे. तिच्या पहिल्या पानावर पहिली नोंद माझी आहे, तीन आठवडे उशिराने केलेली. आणि ‘केव्हापर्यंत’ या रकान्यात काय लिहावे हे न सुचल्याने तो मी कोराच ठेवला आहे.

शब्दसंग्रहाचे काम पुढे चालू आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्यांना एका शनिवारी शाळेत घेऊन यावे, ही माझी विनंती आहे. पानाच्या माथ्यावरचे शब्द वाचल्याशिवाय मी आता कोणाला बोलू देत नाही.